बंद पडली

"उतरा बरं जरा. बंद पडली."

आर्णीत अलीकडच्या वर्षांत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराने हे वाक्य ऐकलेलं आहे. म्हणणारे एकच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्रीचाचा. गावाने वर्गणी काढून घेतलेला स्वर्गरथ ते चालवत. वाक्य म्हणून झालं की ते खाली उतरत, टोपी मागे सरकवत, बॉनेट उघडत आणि कमरेपर्यंत आत शिरत. गाडीत गेलेला माणूस, मागे मोटरसायकलींवर सोयरे आणि पुढे चाचांची वाकलेली पाठ. तुम्ही तिथे असता तर रडता रडता तुम्हालाही हसू आलं असतं.

गंमत अशी की चाचा गावातले एक नंबरचे मिस्त्री. ट्रॅक्टर असो की खताच्या दुकानाचा टेम्पो, त्यांचा हात लागला की खोकणारं इंजिन गाऊ लागे. बंद पडायचा तो फक्त स्वर्गरथ. बसस्टँडजवळचा दुसरा मिस्त्री चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "ज्याले मेलेला माणूस पोहोचवता येत नाही, तो जित्याची गाडी काय दुरुस्त करन?" हळूहळू चाचांची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. चाचा चहा बशीत ओतत आणि म्हणत, "माणूस बंद पडते, बाबू. गाडी नाही पडनार का?"

पायी नेताना तिरडी वाटेत एकदा खाली टेकवतात, तो विसावा. त्यावरून शेजारच्या तात्यांनी एकदा त्यांना टोकलं, "चाचा, विसावा तिकडं वडाजवळ. तुमची गाडी मधातच काहून थांबते?"

"तो माणसाचा विसावा. इंजिनाले नको का?"

आमच्या गल्लीतल्या एका आजीचं एका म्हातारीशी नळावरून जुनं वैर होतं. पहिली घागर कुणाची, एवढाच मुद्दा. पण त्यावर दोघींची जवानी गेली. म्हातारी पुढे मुलाकडे दुसऱ्या वस्तीत राहायला गेली, तेव्हापासून आजीला नळावर करमेना. आजी गेली आणि स्वर्गरथ नेमका त्या म्हातारीच्या दारात बंद पडला. काठी टेकत ती बाहेर आली.

"जाता जाता बी माह्याच दारात! मेली तरी पिच्छा सोडत नाही." मग आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि आजीच्या उशाशी ठेवत म्हणाली, "घे बाई. आज तुहा नंबर पयला."

चाचांनी बॉनेट पाडलं. गाडी एका चावीत चालू झाली.

माझे वडील गेले तेव्हा मी चाचांना आधीच हात जोडले. वडील बाजार समितीत हमाल होते. त्यांनी पोती उचलली म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. अंत्ययात्रेला माझ्या कॉलेजचे सर आले होते. वडिलांचं शेवटचं जाणं तरी रुबाबात व्हावं, असं मला फार वाटत होतं. "चाचा, आज तेवढी बंद पडू देऊ नका."

"मालिकच्या हातात हाय, बाबू," चाचा म्हणाले, आणि मुख्य रस्त्यावर भज्याच्या टपरीसमोर गाडी बंद पडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात टपरीवाला हातात झारा घेऊन तसाच धावत आला. "काका रोज दुपारी येत, भाऊ. तुमचा निकाल लागला तवा त्यायनं साऱ्या टपरीले भजे चारले."

डॉक्टरांनी वडिलांना तेलकट बंद सांगितलं होतं. आईजवळ त्यांनी तशी शपथही घेतली होती. आणि माझ्या निकालावर घरात ते एवढंच म्हणाले होते, "ठीक हाय."

चाचांनी बॉनेट पाडून हात फडक्याला पुसले. फडक्यावर डाग उमटला नाही. इतका वेळ इंजिनात घातलेले हात कोरे होते.

घरी येऊन आईला भज्यांचं सांगितलं. "मले तर म्हणत, सोडले!" असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग रडली.

पुढे गॅरेजवर जाऊन मी विचारलं, "चाचा, गाडी खरंच बंद पडते?"

"तू शिकलेला माणूस. इंजिनातलं तुले काय समजते?"

"लोक तुमच्या कामाला नावं ठेवतात. खरं सांगून टाका."

त्यांनी पाना खाली ठेवला. "सांगतलं का फर्माइश सुरू. एक म्हणन इथं थांब, दुसरा म्हणन तिथं नको. भाऊबंदकी गाडीतच चालू होईन. बंद पडली म्हटलं का कोनी भांडत नाही."

मी हे कुणालाही सांगितलं नाही.

यंदा हिवाळ्यात चाचा गेले. त्यांना स्वर्गरथ लागला नाही. त्यांचा जनाजा खांद्यावर निघाला. पुढे एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला बसस्टँडजवळचा मिस्त्री. गॅरेजचं शटर खाली ओढलेलं होतं, शेजारच्या शेडमध्ये स्वर्गरथ उभा होता. तिथे माझे पाय थांबले.

"क्या हुआ? चलो," मागून मौलाना म्हणाले.

काही चांगलं बोलावं असं वाटत होतं. तोंडातून निघालं, "जरा थांबा. बंद पडली."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याच सकाळी गावकऱ्यांनी स्वर्गरथाची चावी त्याच्याकडे दिली होती. "म्या पायली गाडी," तो हळूच म्हणाला. "इंजिनात कायीच खराबी नाही."

"कधीच नव्हती."

तो शटरकडे पाहत राहिला. आपण टपरीवर काय काय बोललो ते त्याला आठवत असावं. मग मान वळवून तो फाटक्या आवाजात ओरडला, "धक्का मारा रे! एक नंबरच्या मिस्त्रीची गाडी हाय!"

मागची माणसं डोळे पुसत हसली. मौलानांनी हसू दाढीत लपवलं.

पहिल्याच धक्क्याला चाचा निघाले.