कूलरचा प्लग

कूलर सुरू झाल्याचा आवाज मला कानांवरून ओढलेल्या टोपीतूनही ऐकू आला. अकोल्यात तो आवाज न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. मी शिडीवर होते. कूलर बसवलेल्या खिडकीवर चिकटवलेलं प्लास्टिक आधी फुगलं, मग पट्टी सोडून फडफडत आत आलं.

"बंद करा! कूलर बंद करा!" मी ओरडले. पण मास्क घालून ओरडणं म्हणजे उशीत तोंड खुपसून ओरडणं. माझ्या मदतीला असलेल्या गजाननने काचेवर थापा मारल्या, तेव्हा कुठे कूलर थांबला. तोवर मधल्या दारावरचं प्लास्टिकही फाटलं होतं.

मी अमरावतीची, सिव्हिल इंजिनिअर. घरांतले जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढून देते. आपल्याकडे त्याला नुसतं 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. टिनाची झळ लागू नये म्हणून खाली त्याचं छत मारायची पद्धत होती. पत्रा धडधाकट असेल तर त्याला रंग द्या आणि सोडून द्या, असं मीच गिऱ्हाइकाला सांगते आणि स्वतःचा धंदा बुडवते. पण पत्रा फुटला की त्यातले बारीक तंतू हवेत सुटतात आणि श्वासाबरोबर छातीत जाऊन बसतात. तेव्हा काहीच कळत नाही. आजार निघतो तो कित्येक वर्षांनी.

हे घर जुन्या शहरातलं, वत्सलाकाकूंचं. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. टिनावर माकडं नाचून नाचून खालचं छत तडकलं होतं, नेमकं पलंगावर. मुलगी मीनल पुण्याला, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण मीनलने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, ते छत आहे तोवर मी बाळाला घेऊन तिथे झोपणार नाही." म्हणून काकूंनी मला बोलावलं. पहिल्या भेटीत त्या छताबद्दल कमी आणि डिंकाच्या लाडवांबद्दल जास्त बोलल्या.

या कामाची रीत सोपी आहे. खोली रिकामी करायची. दारं-खिडक्या प्लास्टिकने बंद करायच्या. पत्रा साबणाच्या पाण्याने भिजवायचा, त्यासाठी आम्ही कपाशीवर फवारायचा पंपच वापरतो, कोरा घेतलेला. मग एकेक स्क्रू काढून पत्रा अख्खा उतरवायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. झाडू नाही, पंखा नाही, कूलर तर नाहीच. एप्रिलमध्ये, वर तापलेला टिन आणि अंगात बंद सूट. आत कोणाशी बोलता येत नाही. मला या कामातला उकाडा सोसतो, ते मुकेपण सोसत नाही.

"आजच्या दिवस शेजारी जाऊन बसा," मी काकूंना सकाळी सांगितलं होतं.

"कोनाकडे जाऊ? त्याइच्या घरी त्याइचे मानसं आहेत," त्या म्हणाल्या आणि अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या. कूलरला हात लावू नका, हेही मी बजावलं होतं. त्याचं बटण बाहेर ओसरीत होतं.

सूट उतरवून, अंग धुऊन मी बाहेर आले तेव्हा काकू बटणाजवळच उभ्या होत्या. शेजारी पन्ह्याचा तांब्या, तसाच भरलेला.

"काकू, काहून लावला कूलर?" माझा आवाज चढला होता.

"सकाळपासून पन्हं घेऊन फिरून राहिली मी. तुमी खिडकीतून नुसते हात हलवता. पानी बी घेतलं नाई. माह्या घरात लोकं उकडून मरून राहिले, अन् मी सावलीत बसू? मले वाटलं, जराशी थंडी हवा तरी लागन."

माझा राग कुठच्या कुठे गेला. पण धूळ गेली नव्हती. ती मधल्या खोलीत शिरली होती. तिथे पलंगावर उघड्या टोपलीत बाळासाठी शिवलेल्या गोधड्या होत्या. काकूंनी स्वतःच्या जुन्या साड्यांच्या, हाताने, बारीक टाक्यांनी शिवलेल्या.

"या टाकाव्या लागतील," मी म्हटलं.

"धुतल्या तर?"

"नाही."

"उन्हात टाकते. आपल्या उन्हात काय जगते, बाई?"

"ते जिवंतच नसतं, काकू. म्हणून मरत नाही."

गजाननने गोधड्या भिजवल्या, दोन पिशव्यांत घालून तोंड बांधलं. पत्र्यांबरोबर त्याही घातक कचऱ्याच्या गाडीत गेल्या. अमरावतीला परत जाताना मी गाडीत गाणी लावली नाहीत.

निघण्याआधी दोन्ही खोल्या आम्ही पुन्हा पुन्हा ओल्या फडक्याने पुसल्या, खास फिल्टरच्या व्हॅक्यूमने साफ केल्या. हवा तपासून घेतली, स्वच्छ निघाली. नवं छत लागलं. काकूंनी कूलरची गोष्ट मीनलला स्वतःच सांगितली. मीनलने मला फोन केला.

"मॅडम, शंभर टक्के सुरक्षित आहे का?"

"तपासणीत काही सापडलं नाही. शंभर टक्के असं मी कुठल्याच घराला म्हणत नाही."

मीनलचं बाळंतपण पुण्यात झालं. तिला मी दोष देत नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

नंतर पातूरचं एक काम बघून परतताना काकूंकडे गेले. फोनवरचा नातीचा फोटो त्यांनी दाखवला. नव्या छताखाली पलंग घातलेला, त्यावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. "चांगलं झालं छत," त्या वर बघत म्हणाल्या आणि पन्हं घेऊन आल्या. मी दोन पेले प्यायले. तिसराही त्यांनी न विचारता भरला.

आता कुठल्याही घरी गेले की मी आधी कूलरचा प्लग काढून त्याला चिकटपट्टी गुंडाळते. आणि सूट चढवायच्या आधी घरातल्या माणसाच्या हातचं पाणी मागून पिते.