सरहद्दीपलीकडचं गोस्तीच

लिगोर मास्तर निवांत बसलेत असं मी फारसं कधी पाहिलं नाही. बुखारेस्टमध्ये माझं बोझाचं दुकान होतं. भरडलेली बाजरी आंबवून केलेलं ते आंबटगोड पेय विकत सुलतानाच्या राज्यातल्या कोर्चा शहराकडच्या आम्हा माणसांनी परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या हाडं झिजवली. मास्तर माझ्याच माडीवर राहायचे. सकाळी खाली यायचे, उभ्याउभ्याच पेला रिकामा करायचे आणि दारापासून भट्टीपर्यंत येरझारा घालत आमच्या जुन्या सरदारांच्या लढाया सांगायचे. ऐकणारं गिऱ्हाईक बिचारं मान इकडून तिकडे फिरवत राही.

"मास्तर, टेका की घटकाभर. फरशी झिजली माझी," मी म्हणायचो.

"देश सुलतानाच्या टाचेखाली आहे, नूची. तुला बसवतं तरी कसं?"

"गुडघे दुखतात, म्हणून बसवतं."

ते हसायचे, पण बसायचे नाहीत.

त्यांचं गाव गोस्तीच, कोर्चाच्या पलीकडे डोंगराच्या उतरणीवर. राज्य सुलतानाचं, पण शाळा आणि देऊळ ग्रीक बिशपच्या ताब्यात. शाळेत ग्रीकच शिकवायची सक्ती होती, आणि आपल्या भाषेत प्रार्थना म्हणणाऱ्याला बिशप शाप द्यायचा. मास्तर दिवसा ग्रीक शिकवत आणि संध्याकाळी मेंढ्यांच्या गोठ्यात आपली मुळाक्षरं. कुणीतरी चहाडी केली. शिपाई यायच्या आत त्यांच्या आईनं, सोफिकाबाईनं, त्यांना मागच्या दारानं डोंगरावर घालवलं. तेव्हापासून ते परागंदा. बुखारेस्टमध्ये पोट भरायला व्यापाऱ्यांच्या पोरांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आमचा इतिहास लिहायचे. म्हणायचे, "ज्याला कालचा दिवस नाही, त्याला उद्याचा कोण देणार?" कुणी मठातल्या थडग्यावरचा लेख सांगितला की चालले तो बघायला, मग वाटेत दोन देश का लागेनात.

एकोणीसशे बाराच्या नोव्हेंबरात, तिकडे समुद्रकाठी व्लोराला, आपल्या स्वतंत्र देशाचा झेंडा लागला. तार आली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी बोझा फुकट वाटला. माणसं गळ्यात पडून रडत होती, आणि मास्तर मात्र खिडकीशी नखं कुरतडत उभे.

"आता तरी तोंड गोड करा," मी हलवा पुढे केला.

"झेंडा लागला रे, पण देश कुठून कुठपर्यंत? ते लंडनला ठरायचंय."

खरंच तसं झालं. बड्या राष्ट्रांचे राजदूत लंडनला जमले आणि बुखारेस्टमधल्या आमच्या देशबांधवांच्या मंडळानं त्यांना पाठवायला एक निवेदन करायचं ठरवलं. कुठलं गाव कुणाचं, ते पुराव्यानिशी. काम अर्थातच मास्तरांकडे आलं. त्यांनी सगळं लिहिलं, पण गोस्तीचच्या पानावर गाडं अडलं. मंडळाचे प्रमुख यानाक वकील ते पान घेऊन तणतणत दुकानात आले.

"मास्तर, हे काय लिहिलंत? 'वरच्या आळीत आपली भाषा, खालच्या आळीत बल्गार'?"

"जे आहे ते लिहिलंय."

"समोरचे ग्रीक आपली मेंढरंसुद्धा ग्रीक आहेत म्हणून लिहून देतायत. आणि आपण अर्धं गाव स्वतःच्या हातानं काढून द्यायचं? तेही तुमचं स्वतःचं?"

"माझी आई खालच्या आळीतली, वकीलसाहेब. तिनं मला बल्गार ओव्या गाऊन निजवलंय. ती नाहीच, असं मी लिहू?"

"आईला कोण विचारतंय? ही कोर्टकचेरी आहे."

"मग साक्षीदार दुसरा बघा."

वकिलांनी ते पान घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी सरहद्द आखली गेली. कोर्चा आपल्यात आलं. गोस्तीच पलीकडे, ग्रीसमध्ये गेलं. बातमी कळली त्या दिवशी मास्तर सकाळी बाहेर पडले, ते दिवेलागणीला परतले. जोडे चिखलानं माखलेले. कुठे गेला होतात, म्हटलं तर त्यांनाच सांगता येईना.

मग टोमणे सुरू झाले. आमची माणसं जिभेला धार लावूनच जन्माला येतात. "मास्तर खरं बोलले, गाव ग्रीकांनी नेलं," एकजण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "खरं बोलणाऱ्याच्या दुकानात असाच तोटा व्हायचा." मास्तर ऐकून घ्यायचे. रात्रंदिवस माडीवर पावलं वाजायची. जेवण सुटलं. माझी बायको पोली लाकरोर, म्हणजे पालेभाजी भरून भाजलेली जाड पोळी, करून वर पाठवायची, ती तशीच खाली यायची.

एकदा भर दुकानात असाच टोमणा पडला आणि यानाक वकील तिथेच होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पुरे करा. मास्तरांचं ते पान लंडनला गेलंच नाही."

सगळ्यांच्या माना वकिलांकडे वळल्या.

"मी ते काढलं आणि दुसरं लिहून घातलं, सगळं गाव आपलं म्हणून. मास्तरांची सही खाली तशीच राहिली. त्याचाही उपयोग झाला नाही. लंडनवाल्यांनी डोंगराच्या माथ्यावरून रेघ ओढली, बस. कोण काय बोलतं ते कुणी वाचलंसुद्धा नसेल."

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता हात उचलतात. पण ते भट्टीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. वकील गेल्यावर मला हळूच म्हणाले, "माझ्या सहीनं खोटं गेलं, नूची. चिडायला हवं मी. आणि मला हलकं वाटतंय. गाव माझ्यामुळे गेलं नाही, एवढंच मनात येतंय. याची लाज कुठे ठेवू?"

मी म्हटलं, "आधी काहीतरी खा." त्या दिवशी ते बसून जेवले.

मोठं युद्ध झालं, कोर्चात फ्रेंच फौज आली आणि गेली. मग मास्तर परत मायदेशी निघाले आणि दुकान भावाच्या हवाली करून पोली आणि मीही. कोर्चाच्या शाळेत ते इतिहास शिकवू लागले. खूप खटपटीनंतर पलीकडे जायचा परवाना मिळाला, तेव्हा सोबतीला मी होतो. सोफिकाबाई अंगणात मिरच्या ओवत होत्या. मुलाला बघून उठल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि पहिलं काय बोलल्या, तर "वाळलास."

"आई, चल माझ्याकडे. आपल्या देशात."

"मी कुठे गेले रे? जन्मले इथं, लग्न होऊन वरच्या आळीत आले. माझ्या आयुष्यातला परदेश तेवढाच."

"इथे आता आपलं राज्य नाही."

"कधी होतं? शिपायांच्या टोप्या बदलल्या फक्त. माझी कोंबडी अजून त्याच भाषेत ओरडते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सांग याला. ही मिरची कोण ओवणार?"

मास्तरांनी हरतऱ्हेनं समजावलं. शेवटी तेही खाली बसले आणि सुई-दोरा घेऊन मिरच्या ओवू लागले. मायलेकरं बल्गारमध्ये हळूहळू बोलत होती. मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

परत येताना खिंडीत मास्तर थांबलेच नाहीत. मी धापा टाकत मागे. पुन्हा परवाना मिळाला नाही. कोर्चात त्यांनी घर केलं नाही, भाड्याच्या खोल्या तेवढ्या बदलल्या. सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे चालत जायचे, इतके की चौकीवरचे शिपाई त्यांना नावानं ओळखू लागले. आई गेल्याची खबर एका खेचरवाल्यानं आणली, तोवर माती देऊन बरेच दिवस झाले होते. मी शाळेत सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि वर्गात परत गेले. मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून त्यांची पावलं ऐकू येत होती, फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि परत.