टोकरखाड्याच्या एसटीडी बूथवाल्या बाई

टोकरखाड्यात एसटीडी बूथ चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक फोनवर बोलू लागलं, की त्या भिंतीकडे तोंड करून बसत.

माझी बायको धुळ्याला बाळंतपणात अडली होती, त्या दिवशी दवाखान्याचा फोन लागेना. माझ्याकडून आकडेही चुकत होते.

"भाऊ, तुम्ही बसा, मी लावते," म्हणत त्यांनी रिसीव्हर घेतला. मागे रांगेत जवळच्या कंपनीतले कामगार खोळंबून कुरकुरू लागले, तरी त्या तासभर तोच नंबर लावत राहिल्या.

अखेर फोन लागला. बोलून मी डोळे पुसत केबिनबाहेर आलो.

"मी काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगावंसं वाटलं तरच सांगा."

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

त्यांनी असा सुस्कारा सोडला, की त्याही माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.