टिंब कुठं गेलं?

"पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पण टिंबावानी हाय. हाय का न्हाई, कळतच न्हाई!"

हे वाक्य मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्या यांच्या कानात सांगत होते. कानात म्हणजे ओरडून. आमच्या शेडमध्ये भुसा ओढायचं मशीन चालू असलं की कानगोष्टसुद्धा ओरडूनच करावी लागते. नेमकं त्याच क्षणी मी ते मशीन बंद केलं. मशीनचा आवाज थांबला, मामांचा राहिला! फुगलेल्या भुशाच्या पिशवीमागं मी उभी आहे, हे त्यांना दिसलंच नाही. लग्नाला तेव्हा बावीस दिवस झाले होते.

तेव्हापासून माझ्याकडं किस्से साठत गेले. मी काही मुद्दाम जमवत नाही. शेडमधला भुसा तरी कोण जमवतं? तो आपोआप बसतो, केसांत, पदरावर, चहाच्या सायीवर. न बोलणाऱ्या माणसावर किस्सेही तसेच बसतात.

आधी टिंबाचं सांगते. मस्तगडला घरामागं आमचं पत्र्याचं शेड आहे, आत सीएनसी राउटर. कॉम्प्युटरवर नाव टाकायचं, की फिरतं बिट एमडीएफच्या फळीतून ते कापून काढतं. दारावरच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, सगळं त्याच्यावर. देवनागरीचं एक बरं असतं, वरची रेघ सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. टिंबाला मात्र कुणीच धरत नाही. बिटाचा शेवटचा फेरा झाला की ते मोकळं! मग एक तर उडतं, नाहीतर भुशाच्या पाइपात जातं.

बिटाभोवती ब्रशची झालर असते. ती लावली तर भुसा छान ओढला जातो, आणि टिंबही. काढली तर टिंब राहायची थोडी आशा, पण भुसा आपल्या नाकात. आमच्या घरातलं निम्मं भांडण या झालरीवरून असतं. उरलेलं निम्मं टिंबावरून.

*

एकदा शिंदे नावाचे अंगानं भरलेले गिऱ्हाईक तणतणत आले. वास्तुशांतीला पाटी लावली आणि पाहुण्यांनी दारातच वाचलं, 'शिदे निवास'!

"सात पिढ्यांचं नाव हाय ओ! टिंब कुठं गेलं?"

"पाइपात गेल्तं आसंल," मामा शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी भुशाची पिशवी अंगणात रिकामी केली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुनी चाळणी आणली. अख्खं घर भुसा चाळत बसलं. अकरा टिंबं निघाली! कुणाकुणाच्या नावातली होती, देव जाणे. मामांनी त्यातलं एक पाटीवर धरलं.

"घ्या, बसतंय बराबर."

"जाड हाय ना हे!"

मामांनी त्यांना खालून वर पाहिलं. "शिंदे तरी कुठं बारीक हायेत?"

*

यावर उपाय आहे, आणि तो आमच्या बबनकाकांना माहीत आहे. ते आमचे ऑपरेटर, मूळचे सुतार. "टिंबाला नाळ ठेवा," ते म्हणतात. म्हणजे टिंब पूर्ण कापायचंच नाही, फळीशी जोडलेला काडीएवढा तुकडा ठेवायचा. नंतर ब्लेडनं तोडायचा आणि पॉलिश पेपरनं घासायचं. टिंब उडत नाही, झालरही काढावी लागत नाही.

मामा म्हणाले, "रोजच्या वीस पाट्या! नाळ तोडायला दाई आनू का? आन् घासायला कोन हाय इथं?"

मी तिथंच उभी होते.

मग यांनी स्वतःची पद्धत काढली. झालर काढायची आणि शेवटच्या फेऱ्याला टिंब दाबून धरायचं. आधी कुल्फीच्या काडीनं. ती बिटानं खाल्ली. मग पेन्सिलीनं. चार पेन्सिली गेल्या. आणि एका मंगळवारी मी पाहिलं, टिंबावर बोट होतं! बिट इतकं जोरात फिरतं की ते फिरतंय हेच दिसत नाही, उभी सळई असावी तसं स्थिर वाटतं. बोट त्याच्यापासून इंचभर.

"अमोलराव, पेन्सिली संपल्या का?" बबनकाकांनी विचारलं. (अमोल हे यांचं नाव. मी ते तोवर दोनदाच घेतलं होतं, दोन्ही वेळा उखाण्यात.)

"दोन सेकंदाचा तर खेळ हाय, काका. काहून घाबरून राह्यले?"

"न्हाई, पेन्सिल बाजारात भेटती, म्हनून इचारलं."

*

मी दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचं लाकडी उलथणं गुपचूप मशीनशेजारी ठेवून आले.

"हे काय?" हे म्हणाले. "थालीपीठ उलटायचंय का?"

सगळे हसले, मीही हसले. पण दोन दिवस टिंब उलथण्यानं दाबलं गेलं. दोन दिवस मला जेवण गेलं! तिसऱ्या दिवशी आत्याबाई शेडमध्ये आल्या आणि "माझं उलथनं मशीनला खाऊ घालता का रे?" म्हणत ते घेऊन गेल्या. बोट पुन्हा कामावर हजर.

*

त्या आठवड्यात झालर रोजच निघत होती. भुसा उडून गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर बसला. माझ्या माहेरच्या, केदारखेड्याच्या मावशी आल्या होत्या. ताटात तपकिरी कुरडई बघून त्यांनी विचारलं, "नाचणीच्या का ओ?"

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी पापणीही न हलवता ते ताट उचललं. "व्हय. पन तुम्हाला सोसायच्या न्हाईत."

*

मग मामांनी चुटकीसरशी चिकटणारा गोंद आणला. जिथं टिंब येणार तिथं फळीखाली गोंद लावायचा, म्हणजे सुटलं तरी जागचं हलणार नाही. डोकं चांगलं होतं! मामांनी गोंद ओतला, फळी टेबलावर ठेवली, तळहातानं कडेला दाबली. गोंद बाहेर आला आणि तळहात चिकटला.

हे कॉम्प्युटरकडं तोंड करून बसले होते. त्यांनी स्टार्ट दाबलं.

बिट कोपऱ्यातून निघालं. मामा हात ओढत होते, हात येत नव्हता. मी सगळं बघत होते. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. खरंच निघाला नाही.

बबनकाकांनी स्टुलावरून झेप घेऊन लाल बटन दाबलं. त्या बटनानं सगळंच थांबतं, भुशाचं मशीनसुद्धा. बिट मामांपासून वीतभर अलीकडं उभं राहिलं.

"बरं झालं," बबनकाका धापा टाकत म्हणाले. "मालक एकदाचे कामाला चिकटले!"

माणसं घाबरल्यावर हसतात तसे सगळे हसले. मी नाही हसले. बिट निघालेलं बबनकाकांच्या आधी मी पाहिलं होतं. हे अजून कुणालाच माहीत नाही.

*

परवा पाटी आली, 'अनंत खंडू लोंढे'. एका माणसात तीन टिंबं! लोंढे दारात मोटरसायकल चालूच ठेवून उभे. "जल्दी करा, मालक, लांब जायचंय!" बबनकाका पाटी बांधायला दोरी शोधत बाहेर गेलेले. झालर काढलेली. लाल बटनाशी मी एकटी.

अनंताचं टिंब राहिलं. खंडूचं उडालं आणि पत्र्यावर आपटलं.

"धर की रे नीट!" मामा ओरडले.

लोंढ्यांच्या टिंबाला यांनी बोट नेहमीपेक्षा आत नेलं. मनगटावर पूजेचा लाल नाडा होता. त्याचं सुटलेलं टोक पाइपाच्या ओढीनं हलत होतं. एकदा बोटाकडं, एकदा बिटाकडं. एकदा बोटाकडं...

माझा हात बटनावर पडला आणि तोंड उघडलं, दोन्ही एकदमच. मशीन थांबलं, माझा आवाज राहिला.

"अमोल, हात काढ!"

बाहेर मोटरसायकलसुद्धा बंद पडली. नाड्याचं टोक तुटून बिटाला गुंडाळलं होतं. यांनी हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजली. पाचच्या पाच. मग माझ्याकडं बघत राहिले, बोटांकडं बघितलं त्याहून जास्त वेळ.

मामांनी दाराकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, वर पत्र्याकडंही पाहिलं.

"कोन वरडलं?"

"टिंब, मामा. आजपासून नाळ ठेवायची. घासायला मी हाय!"