ट्रॉलीची पिन

आमच्या पिकअपला मी पहिल्या दिवसापासून नावं ठेवत आले. जुनीच घेतलेली. दाराला आतून कडी नाही, शेजारची काच सुतळीनं बांधलेली, आणि मागचा हौदा एवढासा, की आमच्या गायींचं एका वेळचं वाढंही त्यात धड बसायचं नाही. वाढं म्हणजे उसाचे शेंडे. आमच्या पणदऱ्याकडं ऊसतोड चालू असली की गुरांच्या पुढ्यात तेच. मी म्हटलं, ही गाडी आणली का खेळणं आणलं? आमचे हे म्हणाले, "इंजिन बघ, इंजिन." मी काय इंजिन बघणार, कपाळ? मी हौदाच बघितला.

हौद्याची उणीव मामांनी भरून काढली. मामा म्हणजे माझे सासरे. भिगवण रोडवरच्या एका वेल्डरकडं ठाण मांडून बसले आणि भंगारातल्या जीपचा मागचा आस घेऊन त्यांनी दोन चाकांची एक ट्रॉली करून घेतली. वेल्डर म्हणत होता, एवढी लांब नको, या बारक्या गाडीला ओढायची नाही. मामा म्हणाले, "तू जोड. वढायचं आमी बघतो." पिकअपच्या मागं हूक, ट्रॉलीच्या पुढं कडं, आणि दोन्हीतून वरून घालायची एक वीतभर लांब लोखंडी पिन. एवढ्यावर सगळा कारभार. कागदोपत्री त्या ट्रॉलीला अस्तित्वच नव्हतं.

नाकापेक्षा मोती जड, असं मी येताजाता म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, गाडी ओढायची. शेणखत, बेण्याचा ऊस, बारामतीच्या बाजारात न्यायची कोबी-फ्लॉवरची पोती, कुणाच्या घराच्या विटा. एकदा तर चिखलात रुतलेला ट्रॅक्टर तिनं बाहेर काढला. जड ओढायला लागली की गाडी पुढून उचलायची, पुढची चाकं जमीन सोडायला बघायची. मग धाकटे भावजी टुणकन उडी मारून बॉनेटवर बसायचे आणि आमचे हे आतून चालवायचे. एकानं दाबून धरायचं, एकानं पुढं न्यायचं. लोक बांधावर उभं राहून हसायचे. मीही हसायचे. दोघं भाऊ त्या गाडीवर असले की तिला काही जड म्हणून नव्हतंच.

मग वाटणी झाली. का झाली, ते मला आजही धड सांगता येत नाही. भांड्याला भांडं लागत गेलं. त्यात माझ्या जिभेचाही वाटा होता आणि जावेच्याही. आम्ही दोघी बाहेरून आलेल्या, आम्हाला दोष देणं सोपं, पण त्या दोघांच्या पोटातलं काही आम्ही घातलेलं नव्हतं.

आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळं पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. ह्यांनी पणदऱ्याची जमीन आणि घर एका बाजूला धरलं, इंदापूरकडची जमीन आणि तिथली डाळिंबाची बाग दुसऱ्या बाजूला. गाडी आणि ट्रॉली एका वाट्यात, त्या बदली गायी दुसऱ्यात. मामा शेजारीच बसले होते. तोवर काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. ते म्हणाले, "गाडी एका वाट्यात ठेव, ट्रॉली दुसऱ्यात."

हे म्हणाले, "आबा, गाडीबिगर ट्रॉली काय चाटायची हाय?"

"म्हणूनच," मामा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही, पण वडलांचा शब्द म्हणून तसे वाटे पडले. भावजींनी बाग स्वतःच्या हातानं उभी केलेली, त्यांनी इंदापूरचा वाटा उचलला. त्याच्याबरोबर गायी गेल्या आणि ट्रॉलीही. संध्याकाळी मी मामांच्या डोळ्यांत औषध घालत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, जमीन तुटली. आता एकामेकाच्या दारात जायाला कारण काय उरलं? ह्ये एक कारण ठेवलंय म्या. ह्याला ट्रॉली लागंल, त्याला गाडी. गरज पडली की येतील." मला ते पटलं. म्हातारा मोठा हुशार, असं वाटलं मला. आता वाटतं, त्याच वेळी म्हणायला हवं होतं, मामा, तुम्ही तुमची पोरं ओळखली नाहीत.

भावजींचा संसार ट्रॉलीत भरून हेच पोचवायला गेले. सामान उतरलं, ट्रॉली सोडवली आणि भांडण पेटलं ते पिनेवरून. भावजी म्हणाले, पिन ट्रॉलीची. हे म्हणाले, पिन गाडीची. दोन बायकापोरांचे बाप्ये, डाळिंबाच्या बागेत उभे राहून, कुठल्याही भंगारात सापडेल अशा एका लोखंडाच्या तुकड्यासाठी एकमेकांवर धावून गेले. जाऊ सांगत होती, तिनं मध्ये पडून ह्यांच्या हातात पिन कोंबली आणि म्हणाली, जावा आता.

पिकअप दारात आली तशी मामा ओट्यावरून म्हणाले, "एकटीच आली व्हय?" मागं ट्रॉली असली की वाटेनं तिचा मागच्या झडपेचा फाळका खडखडायचा आणि कडं पिनेवर आदळायचं. लांबूनच कळायचं. मामांनी हात पुढं केला. "पिन कुटंय? आण हिकडं." ह्यांनी दिली. मामांनी ती बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि म्हणाले, "आता ही माज्यापाशी. ज्याला जोडायची आसंल त्यानं मागून न्यायची. दोगांपैकी कुनीबी. पण मागून."

झालं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. गाडी इकडं आणि ट्रॉली तिकडं.

गरज पडली की येतील म्हणे. गरज रोजच पडायची, आलं कुणी नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ट्रॉलीतून जायचा तो माल हे हौद्यातच भरायला लागले. हौद्याला वरून लाकडी फळ्या लावून उंची वाढवली, खाली स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी पाटे घातले. गाडी मागून बसायची आणि तोंड वर करून चालायची. काही ओढायचं असलं की बॉनेटवर वाळूची पोती बांधायचे. मी म्हटलं, "भावजींच्या जागी पोती बसवली व्हय?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. क्लच जळल्याचा वास त्यांच्या कपड्यांना कायमचा लागला. कितीही धुतले तरी जायचा नाही.

तिकडं भावजी डाळिंबाच्या तोडीला भाड्याच्या गाड्या आणायचे. ट्रॉली बांधाला उभी. जाऊ तिच्यावर धुणं वाळत घालायची. हे मला ठाऊक, कारण आमच्या दोघींचं फोनवर बोलणं चालू होतं. ज्यांनी भांडायचं त्या आम्ही बोलत होतो आणि ज्यांनी बोलायचं ते तोंड फिरवून बसले होते.

मामांचा मात्र नेम चुकला नाही. पिकअप दारात आली की, "एकटीच आली व्हय?" मी म्हणायचे, "व्हय मामा, एकटीच." मग ते खिशावरून हात फिरवायचे. त्यांची बंडी धुताना पिन काढून ठेवायची आणि वाळल्यावर परत घालायची, हे काम माझंच. चिंधीत गुंडाळलेली असायची. तिला गंज चढू नये म्हणून ते माझ्याकडून ग्रीस मागून घ्यायचे.

एकदा मला राहवलं नाही. दोन दिवस तापानं पडून ते उठले होते. गाडी दारात आली, त्यांनी विचारलं, आणि मी म्हणून बसले, "न्हाय मामा, आज ट्रॉली जोडून आणलीय."

ते मग हसले. "पोरी, म्हातारा आंधळा हाय, बहिरा न्हाय." आणि खिशावर थाप मारली. "आन पिन हितं हाय. तुला खोटं बोलायाबी येत न्हाय." मीही हसले. मनाला लागलं ते लागलंच.

पुढं कान गेले. हळूहळू गेले, म्हणून आम्हाला कळलंच नाही. गाडी आली तरी ते विचारायचे नाहीत आणि अंगणात काही नसताना मध्येच म्हणायचे, "एकटीच आली व्हय?" कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. यंत्र आणलं, ते त्यांनी काढून ठेवलं. म्हणाले, नुसतं वारं ऐकू येतंय.

परवाच्या सुगीतली गोष्ट. इंदापूरच्या अलीकडं एका शेतकऱ्याला बेण्याचा ऊस पोचवायचा होता. ह्यांनी हौदा असा भरला की मला मागची चाकं दिसेनात. मी बोलले, ते गेले. दुपारी फोन आला. पाटा तुटला होता, हौदा चाकावर बसला होता, गाडी रस्त्याच्या कडेला. "बारामतीतनं कुनाची तरी गाडी बघ," म्हणाले. भावजींचं शेत तिथून हाकेच्या अंतरावर. ते नाव त्यांच्या तोंडून निघेना. मी बारामतीला फोन केलाच नाही, जावेला केला. ती म्हणाली, "ह्यांना धाडते. तुमी सांगितलं म्हनू नका."

भावजी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला, त्याचीच पिन घालून, ट्रॉली लावून तिथं गेले. काय बोलणं झालं, असं मी ह्यांना नंतर खोदून खोदून विचारलं. काही नाही म्हणे. भावजींनी लोड बघितला, म्हणाले, "दादा, येवढं भरत्यात व्हय?" आणि पहिली मोळी उचलून ट्रॉलीत टाकली. इतकी वर्षं ज्याच्यावाचून अडलं होतं ते एवढंच. अर्धा ऊस ट्रॉलीत गेला, गॅरेजवाल्यानं पाटा बदलला. मग भावजीच म्हणाले, "ट्रॅक्टर सोडून देऊ. ट्रॉली गाडीला लावू, माल टाकू आन तसंच घरी जाऊ. आबांना दावू." पिनेला पर्याय म्हणून गॅरेजवाल्याकडचा एक जाड बोल्ट घातला.

ह्यांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता. "आबांना सांगू नको. आमी येतोय. जोडून." मी फोन ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. मामा माझ्यासमोर बसले होते, पिन त्यांच्या खिशात होती. मला मेलीला पिन आठवली नाही. आठवली असती तर म्हटलं असतं, आधी बिनट्रॉलीची गाडी घेऊन या, बापापुढं हात पसरा, मग जोडा. लागला असता आणखी एक दिवस.

दिवस मावळायला कालव्याच्या वाटेनं खडखड ऐकू आली. मी भाकरी थापत होते, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. फाळक्याचा तोच आवाज. मामांकडं बघितलं. ते ओट्यावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. चेहऱ्यावर काही नाही. ट्रॉली अंगणात वळली, त्यांच्या पायांपर्यंत धूळ आली. त्यांनी पायावरची धूळ झटकली.

भावजी उतरले आणि पाया पडले. मामांनी त्यांच्या डोक्यावरून, कानावरून हात फिरवला. "बारक्या?" तोंड असं उजळलं, की मला वाटलं, मिटलं सगळं. "कसा आलास? येष्टीनं?"

भावजी कानात ओरडले, "न्हाय आबा. जोडून आलो. दादाच्या गाडीला ट्रॉली जोडली."

मामांचा हात खिशावर गेला. पिन जागेवर होती. तोंडावरचं हसू गेलं. मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडं तोंड वळवून ते म्हणाले, "पोरी, ह्येलाबी खोटं बोलायाला तूच शिकवलंस व्हय?"

मी बोलले असते तरी ऐकू कुठं जाणार होतं.

ह्यांनी त्यांना धरून गाडीमागं नेलं आणि त्यांचा हात हुकावर ठेवला. मामांनी हूक चाचपला, कडं चाचपलं, ट्रॉलीच्या दांडीवर कोपरापर्यंत हात फिरवला. स्वतः करून घेतलेली वस्तू, ओळखलीच. मग बोटं बोल्टच्या डोक्यावर आली आणि तिथंच थांबली.

"बोल्ट घातलाय," ते म्हणाले.

हे ओरडून सांगायला लागले, घाई होती, आम्ही तिकडं होतो, पिन इकडं. किती पोचलं देव जाणे. मामांनी खिशातून चिंधी काढली, सोडली आणि पिन पुढं धरली, दोघांच्या मधोमध. आता तरी कुणी घ्यावी की नाही? ह्यांनी भावजींकडं बघितलं, तू घे. भावजींनी मान हलवली, दादा, तू घे. ज्या पिनेसाठी एकमेकांच्या अंगावर गेले होते, तिच्यासाठी आता मानपान. मी हातानं खुणावते आहे, अरे, घ्या कुणीतरी. आंधळ्या माणसाला त्यातलं काय दिसणार? त्याचा हात तसाच पुढं, रिकाम्या हवेत.

मग त्यांनी पिन परत चिंधीत गुंडाळली. "लागत न्हाय तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि काठी टेकत ओट्याकडं निघाले.

आता गाडी आणि ट्रॉली आठवड्यातून एकदा तरी जोडलेली असते. भावजी येतात, जाऊ येते, डाळिंबं येतात, वाढं जातं. बॉनेटवरची पोती गेली. पिन मामांच्या खिशातच आहे. मी बंडी धुताना काढते आणि वाळल्यावर परत घालते. दोघांनी नंतर कितीदा तरी मागितली, एकत्र मागितली, कानात ओरडून मागितली. ते म्हणतात, "कशाला? बोल्ट हाय की."