हा बोल्ट कोणी उघडलाय का?

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मोटरसायकलींच्या वायरिंगची कामं करायचे. एका शटरची अरुंद जागा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक, आणि एका डब्यात मावतील एवढी हत्यारं. गल्लीत सगळे त्यांना वकील म्हणायचे. कारण गाडी आली की पाना नंतर, आधी उलटतपासणी. कधी बंद पडते? गरम झाल्यावर की आधी? खड्ड्यात की वळणावर? त्याआधी गाडीला नवीन काय केलंत? माणूस वैतागून जायचा. पण सगळं ऐकून झालं की भाऊजी थेट एकाच वायरला हात घालायचे, आणि दुखणं तिथेच असायचं.

त्यांचा एक हट्ट होता. जुन्या गाडीच्या वायरी कडक झालेल्या असतात, हात लावाल तिथे तडकतात. म्हणून जिथे आजवर कोणी हात लावलेला नाही, तिथे तेही लावायचे नाहीत. आता लावलाय की नाही, हे मालकानेच सांगायचं, आणि मालक सांगेल ते खरं. तीस वर्षं हा माणूस लोकांच्या शब्दावर काम करत आला. आणि शेवटी त्याच्या नशिबी आलो मी, बायकोचा सख्खा भाऊ.

मी छापखान्यात मशीन चालवतो. पाना हातात धरता येतो म्हणजे आपल्याला सगळंच येतं, हा माझा जुना रोग. वडिलांच्या मागे त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली, तेव्हा भाऊजींनी बजावलं होतं की पुसायची तेवढी पूस, वायरिंगच्या वाटेला जाऊ नकोस. मी हो हो म्हटलं. पुढे एका सुट्टीला टाकी उतरवली, तर खाली चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, गंज. घरात डबीभर काळा रंग पडून होता, मग काय विचारता. मध्ये एक बोल्ट आडवा येत होता, बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला आवळणारा. तो काढला, त्याच्या जागेवरही दोन हात रंग फिरवला, आणि वाळल्यावर वायर लावून परत घट्ट आवळला. रंगातून वीज जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी शहाणा, मला नाही कळलं.

दोनेक महिन्यांनी गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. खड्डा आला की हेडलाइट, हॉर्न, इंजिन, सगळं एकदम मुकं. पुढच्या क्षणी परत चालू. स्टँडवर लावून तपासा, तर अगदी साळसूद. शेवटी नेली भाऊजींकडे.

त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, टाकी उतरवली. तोवर माझ्या रंगावर धूळ आणि तेल बसून तो मूळच्या काळ्यात मिसळून गेला होता. तरी त्यांनी पाना नेमका त्या बोल्टवर ठेवला आणि मान वर न करता विचारलं, "हा बोल्ट कोणी उघडलाय का?"

बाकावर आमच्याच छापखान्यातला एक जण बसला होता. त्याच्यासमोर मी आदल्याच दिवशी माझ्या कारागिरीच्या फुशारक्या मारल्या होत्या. आता त्याच्यादेखत बोलणी कोण खाणार? आणि बोल्ट तर मी चांगला आवळला होता, त्याने काय बिघडणार होतं?

"नाही," मी म्हणालो.

भाऊजींनी पाना उचलून दुसरीकडे लावला.

अकरा दिवस ती गाडी त्यांच्याकडे होती. त्यांनी स्विच बदलला, तो बोल्ट सोडून जोड न् जोड तपासला, बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा रेग्युलेटर तर तीनदा काढून बघितला. "याचा अर्थच लागत नाही," असं म्हणायचे, आणि वकिलांना अर्थ लागेना म्हणून बाकावरचे खिदळायचे. मीही हसलो त्यांच्यात. अर्थच लागत नव्हता हो, खरोखरचा! बाराव्या दिवशी त्यांनी हात टेकले. मला सापडत नाही, दुसरीकडे दाखव, एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

आठवड्याने छापखान्यात नवीन मशीन बसवायला वायरमन आला. अर्थिंगची वायर जोडण्याआधी तो तिथला रंग खरवडत होता. ते बघितलं आणि मला माझा बोल्ट आठवला. घरी जाऊन बोल्ट काढला, खालचा सगळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. गाडी जी सुरू झाली, ती आजतागायत बंद पडलेली नाही.

तेव्हा तरी सांगायचं. पण दुकानावरून जाताना भाऊजींनी थांबवलं, गाडीचं दुखणं कोणी काढलं म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पुलापलीकडच्या एका मेकॅनिकने. दहा मिनिटांत. काय होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रेग्युलेटर. ते अच्छा म्हणाले आणि आत गेले.

ते अच्छा मला अजून ऐकू येतं. ज्याने एक गोष्ट तीनदा तपासली, त्याला मी सांगितलं होतं की तुझी तपासणीच खोटी.

त्यानंतर ते एकेक गाडी चार-चारदा उघडायला लागले. मग गिऱ्हाइकांना परत पाठवायला लागले, माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही, असं सांगून. घरी एकदा दूध उतू गेलं, एकदा किल्ली सापडेना. कोणाच्या घरी होत नाही हे? पण त्यांच्या घरात त्याचा आजार झाला. ताई त्यांना विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शटर खाली आलं ते आलंच. आणि मी रोज ठरवायचो की उद्या सांगतो. मन आतून खात होतं, पण जीभ काही उचलत नव्हती. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर भाऊजी फिरायला निघाले होते. ताईने त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी घातली. नाव, पत्ता आणि माझा फोन नंबर. हरवलेच तर माझ्याकडे आणून सोडावं म्हणून! त्यांनी खिशाचं बटण लावून घेतलं. मला सहन झालं नाही. हाताला धरून त्यांना खाली गाडीपाशी नेलं आणि सगळं एका दमात ओकून टाकलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. रंग कुठला होता, किती हात दिलेस, खाली वॉशर होता का, विचारत राहिले. वकिली चेहरा परत आला होता. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार, आणि देवाशपथ, बसावी असंच वाटत होतं. त्यांनी टाकी उतरवायला लावली, बोल्ट काढायला लावला, वाकून बघितलं. खाली लोखंड लख्ख चमकत होतं.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "रंग कुठे आहे?"

"मी घासून काढला, भाऊजी. सगळा काढला."

ते सरळ उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ताईने सांगितलं ना तुला, असं बोल म्हणून?"

मी शपथा घेतल्या. रडलोसुद्धा, लाज सोडून, भर रस्त्यात. त्यांनी मलाच समजावलं. म्हणाले, "अरे, असू दे. माझ्यासाठी एवढा वाईटपणा अंगावर घेतोस, सख्खा भाऊ नाही करणार."

बोल्ट त्यांच्या हातात होता. तो त्यांनी जागेवर टेकवला, एक वेढा फिरवला आणि थांबले. पाना माझ्यापुढे धरला.

"तूच आवळ," ते म्हणाले. "माझ्या हाताचं आता काही खरं नाही."

मी खाली बसून बोल्ट आवळला.