कुंद्यातली पिलं

शेतात शिरण्याआधी ती हात वर करायची आणि आम्ही दहाबारा बाया कडेच्या धुऱ्यावर उभ्या राहायचो. "थांबा व. आंदी आयका," ती म्हणायची. काय ऐकायचं, ते सांगत नसे. कापूस वेचणीला बायांच्या पुढे चालणारी अशी वडीलधारी बाई तुम्हीही पाहिली असेल, पण इतकी भित्री नसेल पाहिली. वाऱ्याने पऱ्हाटी हलली तरी ती दचकायची. आम्ही पदराआड हसायचो.

समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती म्हणे. आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, आणि परतवाड्याकडची जंगलालगतची रानंही लोकांनी नांगरून पऱ्हाटीखाली आणली. तिथली जनावरं तिथेच राहिली.

त्या सकाळी सातभाई पाखरं नाल्याकाठच्या उंच कुंद्याच्या गवतावर एकसारखी कलकलत होती.

"थ्या कोपऱ्यात जाऊ नका," ती म्हणाली. "खाली काई असल्याबिगर हे पाखरं असे जमत नाईत. एक पायते, बाकीच्याइले सांगते."

पण त्या कोपऱ्यातली बोंडं चांगली फुटली होती. मला पाचवा महिना होता, वाकणं जड जायचं. कमरेची कापसाची ओटी लवकर भरेल म्हणून मी तिकडेच गेले.

गवतात दोन पिलं होती. मांजराच्या पिलांएवढी, नुकते डोळे उघडलेली. मी पाहतच होते, तेवढ्यात बाजूने करवत ओढल्यासारखा आवाज आला. बिबटीण सरळ माझ्यावर धावून आली आणि चारपाच हातांवर थबकली. कान मागे, दात उघडे. मी पळायला पाय उचलला.

"पयू नको." ती वडीलधारी बाई माझ्या मागे कधी आली, कळलं नाही. तिने माझा दंड धरला. "पाठ दाखवू नको. तिच्या डोयात पाहू नको. मांगं सरक."

बिबटीण पुन्हा झेपावली, पुन्हा थांबली.

"मारायचं असतं तं आवाज केला नसता. दूर जाय म्हून राहिली फक्त."

एकेक पाऊल मागे टाकत आम्ही धुऱ्यावर पोचलो.

तासाभरात शेताचे मालक पाटील बिबटिणीला मारायला कुऱ्हाडीवाले गडी घेऊन आले. ती वाटेत उभी राहिली.

"दोन दिवस द्या, पाटील. मानूस येऊन गेला, आता थे पिलं इथं ठेवनार नाई. तोंडात धरून नेईल."

"अन् माहा कापूस गयून गेला तं?"

"माह्या मानसानं अशाच मादीले पाठ दाखवली होती," ती म्हणाली. "आमाले त्याचं फक्त पागोटं भेटलं."

गडी एकमेकांकडे पाहू लागले. कुणीच पुढे गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने कुंद्यातल्या खळग्यात तळहात टेकवला. "गार हाय. गेली घेऊन." पण तोवर कोपऱ्यातला कापूस मातीत पडला होता. पाटलांनी तिला पुन्हा वेचणीला बोलावलं नाही.

बार्शीटाकळीला बहिणीकडे निघाली, तेव्हा गाडीत बसण्याआधी तिने माझ्या पोटावर हात ठेवला.

"तुले तवा भेव नाई वाटलं?" मी विचारलं.

"लय वाटलं, पोरी. अजून रोज वाटते."

गाडी निघाली. माझी मुलगी उन्हाळ्यात झाली. ते तिकडे बार्शीटाकळीला तिला कळलं की नाही, मला माहीत नाही.